वाचकांचे प्रश्न: घरात माणसं, फोनमध्ये ग्रुप, तरी पोरांना एकटं का वाटतं?

ह्या वेळचा अख्खा कॉलम एकाच विषयाला दिलाय, कारण पत्रंच तशी आलीयेत. आयांची आलीत, बाबांची आलीत, एका आजोबांनी चिडून लिहिलंय, आणि मुलांनी स्वतःहून लिहिलंय ह्याचं मला जास्त बरं वाटलं, त्यातली काही तर रात्री एक-दीडच्या सुमाराला पाठवलेली आहेत. विचारायचंय सगळ्यांना साधारण एकच, की 13 ते 19 ह्या वयात पोरांना इतकं एकटं का वाटतं. ओळख पटेल असे तपशील काढलेत, मोठी पत्रं छोटी केलीत.

प्रश्न: ताई, माझा मुलगा 14 वर्षांचा आहे. मागच्या वर्षीपर्यंत घरात मुलांचा नुसता धुडगूस असायचा, आता आला की खोलीचं दार बंद. परवा रात्री लाइट घालवायला गेले तर म्हणाला, आई, मला कोणीच नाहीये गं. मला रडूच आलं. अहो वर्गात चाळीस मुलं आहेत, फोनवर ढीगभर ग्रुप आहेत, आम्ही दोघं संध्याकाळी घरात असतो. त्याचा दिवसही भरगच्च आहे, सकाळी साडेसहाला उठतो, शाळा, मग चार ते सहा क्लास, मंगळवार-शुक्रवार स्विमिंग, मग जेवण, होमवर्क, अकरा वाजतात. मग हा एकटा पडतो कधी? मोबाइलच कारण असणार असं ह्यांचं म्हणणं आहे. काढून घेऊ का?

उत्तर: नका काढून घेऊ, निदान लगेच तरी नको. आणि हे त्याने तुम्हाला सांगितलं ही फार मोठी गोष्ट आहे बरं का, ह्या वयात "मला कोणी नाही" असं तोंडाने म्हणणं म्हणजे नापास झालो सांगण्यापेक्षा अवघड असतं, बरीच मुलं ते कधीच सांगत नाहीत.

आता कारणाकडे येऊ. आपण मोठी माणसं लगेच डोकी मोजतो, वर्गात इतकी, ग्रुपमध्ये इतकी. पण ह्या विषयावर काम केलेल्या लेटिशिया पेपलाऊ आणि डॅनियल पर्लमन ह्या मानसशास्त्रज्ञांनी 1981 मध्येच मांडून ठेवलंय, की माणसाला जशी नाती हवी असतात आणि प्रत्यक्षात जशी असतात त्यांच्यात जेवढं अंतर तेवढं एकटं वाटतं. म्हणजे एखाद्याला एकच मित्र असून मजेत असतो आणि एखादा पन्नास जणांत बसून आतून रिकामा असतो. आणि 14 व्या वर्षी नेमकं काय होतं, तर हवं काय आहे हेच बदलतं. दहा वर्षांचं असताना मित्र म्हणजे जो खेळायला येतो तो, विषय संपला. चौदाला त्याला असं कोणीतरी लागतं ज्याच्यासमोर तो म्हणू शकेल की मला वर्गात बोलायची भीती वाटते, किंवा मला अमुक मुलगी आवडते, किंवा बाबांचा राग येतो, आणि समोरचा हसणार नाही, चारचौघांत सांगणार नाही. म्हणजे मित्रांची संख्या तीच आहे, पण त्याला हवंय ते त्यांच्याकडे नाहीये, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही तेच हवंय आणि त्यांच्याकडेही नाहीये, फक्त कोणी पहिल्यांदा बोलायला तयार नाही.

त्यात ही मुलं एकाच वेळी मोठी होत नाहीत. एकाचा आवाज फुटलेला असतो, दुसरा अजून लहान मुलासारखा दिसतो, एकाला मुलींबद्दल बोलायचंय, दुसऱ्याला अजून गेमच खेळायचाय. मग मैत्र्या तुटतात, भांडण वगैरे काही न होता तुटतात, आणि ते जास्त लागतं कारण कारणच कळत नाही. अमेरिकेत 2015 साली एक अभ्यास छापून आला, सातवीतल्या मुलांच्या मैत्र्या बारावीपर्यंत किती टिकतात हे त्यांनी दरवर्षी तपासलं, तर जेमतेम 1 टक्का टिकल्या होत्या. तेव्हा तुमच्याकडे जो धुडगूस चालायचा तो थांबला ह्यात तुमच्या मुलाचं काही चुकलंय असं अजिबात नाही. त्याला मात्र तसंच वाटत असणार, आणि हे त्याला कोणीतरी सांगायला हवं.

आता तुम्ही जे वेळापत्रक लिहिलंय ना, तुमच्या दृष्टीने तो त्याचा दिवस भरलेला असल्याचा पुरावा आहे, मला त्याच्यातच खरी गोम दिसते. परत वाचा ते. साडेसहा ते अकरा ह्यात अशी एक तरी जागा आहे का जिथे तो कोणाबरोबर तरी आहे आणि कोणी त्याला काही करायला सांगत नाहीये? वर्गात बोललं की ओरडा बसतो, क्लासमध्ये बोललं की फी वाया जाते, स्विमिंगला डोकं पाण्यात. चाळीस मुलांच्या शेजारी बसून हा मुलगा दिवसभरात दहा मिनिटंसुद्धा कोणाशी निवांत बोलत नाही. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल ह्यांनी 2018 मध्ये हिशोब मांडला होता, की ओळखीच्या माणसाचा साधा मित्र व्हायला साधारण 50 तास एकत्र घालवावे लागतात, चांगला मित्र व्हायला 90 च्या आसपास आणि जिवलग व्हायला 200 च्या वर. तो अभ्यास मोठ्यांवर आणि नव्याने कॉलेजात आलेल्यांवर केलेला आहे, चौदा वर्षांच्यांवर नाही, पण अंदाज यायला पुरेसा आहे. आणि त्यांचं म्हणणं असंही होतं की शेजारी बसून काम करण्यात गेलेले तास फारसे उपयोगाचे नाहीत, गप्पा, टाइमपास, उगाच भटकणं ह्यातले तास लागतात. आता सांगा, तुमच्या मुलाने हे 200 तास आणायचे कुठून? आपण मुलांचा टाइमपास संपवला आणि मग विचारतोय की ह्याला मित्र का नाहीत. मला हे सगळ्यात मोठं कारण वाटतं आणि त्याच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं, कारण मोबाइलला शिव्या घालणं सोपं आहे, क्लास बंद करणं अवघड.

मोबाइल एकदम निर्दोष आहे असंही नाही म्हणणार मी. 37 देशांमधल्या 15-16 वर्षांच्या दहा लाखांहून जास्त विद्यार्थ्यांची माहिती तपासून मानसशास्त्रज्ञ जीन ट्वेंगी आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये दाखवलं, की शाळेत एकटं वाटणाऱ्यांचं प्रमाण 2012 पर्यंत फार हललेलं नव्हतं आणि 2012 ते 2018 मध्ये 37 पैकी 36 देशांत वाढलं. हा तोच काळ ज्यात स्मार्टफोन पोरांच्या हातात आला. पण दोन गोष्टी एकत्र वाढल्या म्हणजे एकीने दुसरी केली हे सिद्ध होत नाही, ह्यावर संशोधकांचीच आपसात जोरदार भांडणं चालू आहेत. माझं मत विचाराल तर फोनवर किती तास ह्यापेक्षा फोनवर काय चाललंय ते बघा. मित्राशी तासभर बोलत लोळणारा मुलगा आणि दुसऱ्यांच्या पार्टीचे फोटो तासभर वर सरकवत बसलेला मुलगा, दोघांचा स्क्रीन टाइम सारखाच दिसणार. आणि तुमच्या मुलाकडे मित्रांशी बोलायची एवढीच एक फट उरलेली असेल आणि तीही तुम्ही बुजवलीत तर तो अजून एकटा पडेल. रात्री झोपताना फोन खोलीबाहेर, हा नियम मात्र जरूर करा आणि तो तुम्हा दोघांनाही लावा, नाहीतर तो एक दिवस टिकणार नाही.

करायचं काय, तर आठवड्यातली एक संध्याकाळ मोकळी करा, खरोखर मोकळी, "त्या वेळात इंग्लिश बोलायची प्रॅक्टिस कर" असली मोकळी नको. एक-दोन मुलांना घरी येऊ द्या आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत बसा. सुरुवातीला ती मुलं शेजारी शेजारी बसून आपापल्या फोनमध्ये बघत बसतील, बघू दे, आत जाऊन लेक्चर देऊ नका.

प्रश्न: मी 16 वर्षांची आहे. आम्ही चौघी बेस्ट फ्रेंड्स होतो. आता मला कळलं की त्या तिघींनी माझ्याशिवाय दुसरा ग्रुप केलाय, त्या बाहेर भेटतात आणि मग स्टोरी टाकतात. मी मेसेज केला की नुसता बघून ठेवतात आणि चार तासांनी "हो ना" असा रिप्लाय. कॉलेजमध्ये समोर आल्या की नॉर्मल वागतात. मी बोअर आहे का? मला आता कोणाशी बोलावंसंच वाटत नाही, सगळे मला बघून काहीतरी बोलतायत असं वाटतं. आई म्हणते एवढ्या-तेवढ्याचं मनाला लावून घेऊ नकोस.

उत्तर: अगं, हे एवढं-तेवढं नाहीये. आईचा हेतू चांगला आहे, पण ती विसरलीय सोळाव्या वर्षी काय वाटतं ते, आपण सगळ्याच विसरतो.

तुला एक गंमत सांगते. 2003 साली एक प्रयोग झाला, माणसाला मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवायचं आणि स्क्रीनवर चेंडू फेकाफेकीचा साधा गेम खेळायला लावायचा. बाकीचे दोन खेळाडू थोड्या वेळाने चेंडू एकमेकांनाच टाकायला लागतात, ह्याला देतच नाहीत. बस, इतकंच. ते दोन खेळाडू खरे नव्हतेच, कॉम्प्युटर होता तो. तरी शरीराला दुखतं तेव्हा मेंदूतले जे भाग कामाला लागतात त्यातलाच एक भाग तिथे जागा झाला. पुढे असंही दिसलं की समोर कॉम्प्युटर आहे हे आधी सांगितलं तरी वाईट वाटायचं ते वाटतंच. आणि 2010 मध्ये हाच गेम 11 ते 15 वर्षांच्या मुलींना आणि मोठ्या बायकांना खेळायला दिला, तर वगळलं गेल्यावर मुलींचा मूड मोठ्यांपेक्षा जास्त खाली गेला. आता तुझ्या बाबतीत तर चेंडू न देणाऱ्या खऱ्या मैत्रिणी आहेत आणि त्यांनी वर फोटो टाकलाय. लागणारच.

पण आता थोडं अवघड बोलते, रागावू नकोस. "सगळे मला बघून काहीतरी बोलतायत" हे जे वाटतंय ना, ते पूर्ण खरं नसण्याची शक्यता बरीच आहे. ह्याच्यामागे दोन गोष्टी असतात. एक तर ह्या वयात प्रत्येकालाच आपण स्टेजवर आहोत असं वाटतं, डेव्हिड एल्काइंड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1967 मध्ये लिहून ठेवलंय की किशोरवयातली मुलं कल्पनेतल्या प्रेक्षकांसमोर वावरत असतात. ते समोरचे "प्रेक्षक" स्वतःच्या पिंपलच्या टेन्शनमध्ये असतात, पण ते आपल्याला दिसत नाही. दुसरी गोष्ट मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो ह्यांनी शिकागोत वर्षानुवर्षं अभ्यासली. ते म्हणायचे की एकटं वाटणं हे भुकेसारखं आहे, शरीर सांगतंय की तुला माणसांची गरज आहे, जा. पण घोळ असा की ही भूक फार दिवस राहिली की मन सावध होतं, जरा जास्तच सावध, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर, आवाजात, उशिरा आलेल्या रिप्लायमध्ये आधी धोकाच दिसायला लागतो. मग आपण आखडतो, कमी बोलतो, बघून न बघितल्यासारखं करतो, समोरच्याला वाटतं हिला आपल्याशी बोलायचं नाहीये, आणि तो लांब जातो, आणि आपल्याला वाटतं बघ, मी म्हणत नव्हते. हे चक्र एकदा फिरायला लागलं की मूळ कारण बाजूलाच राहतं. म्हणूनच एकटेपणावरच्या वेगवेगळ्या उपायांची 2011 मध्ये एकत्र तुलना केली तेव्हा नुसत्या भेटीगाठी घडवून आणण्यापेक्षा हे उलटं विचार करणं दुरुस्त करणारे उपाय जास्त कामाला आले होते.

"मी बोअर आहे का?" ह्याचंही उत्तर देते. 2018 मध्ये काही संशोधकांनी अनोळखी माणसांना एकमेकांशी बोलायला लावलं आणि नंतर दोघांना वेगवेगळं विचारलं. बहुतेकांना वाटत होतं की समोरच्याला मी फारसा आवडलो नाही, आणि प्रत्यक्षात समोरच्याला ते त्यांच्या अंदाजापेक्षा जास्त आवडलेले होते. सोळाव्या वर्षी हा अंदाज किती चुकत असेल विचार कर.

त्या तिघींचं काय करायचं? मला माहीत नाही त्यांनी ग्रुप का केला, तुलाही माहीत नाही, आणि इन्स्टाच्या स्टोरीवरून ते कळणार नाही. तिघींना एकत्र विचारू नकोस, ग्रुपमध्ये तर मुळीच नको, तिथे कोणी खरं बोलत नाही. त्यातली जी तुला सगळ्यात जवळची वाटायची तिला एकटीला गाठ आणि सरळ विचार, "मला बाजूला पडल्यासारखं वाटतंय, काही झालंय का?" उत्तर वाईट येऊ शकतं. तरी रोज रात्री अंदाज बांधत बसण्यापेक्षा ते बरं. आणि त्या स्टोऱ्या म्यूट कर, आजच कर. तुझं मेल रात्री एक वाजून गेल्यावर आलंय म्हणून आणखी एक, ह्या वयात झोप यायची वेळच पुढे सरकते, तो काही तुझा आळस नाही, पण 13 ते 18 वयाला 8 ते 10 तास झोप लागते, आणि जागरण झालेला माणूस दुसऱ्या दिवशी इतरांपासून लांब लांब राहतो हे तपासून बघितलेलं आहे. रात्री दीडला जे भयंकर वाटतं ते सकाळी दहाला निम्मं होतं. मोठे निर्णय सकाळी घे.

प्रश्न: आमच्या काळात असलं काही नव्हतं. आम्हाला एकटं वाटायला वेळच नव्हता. ही सगळी भरल्या पोटाची दुखणी आहेत. तुम्ही लोक त्याला खतपाणी घालता. — एक आजोबा

उत्तर: आजोबा, नमस्कार. तुमच्या काळीही असणार, सांगायची सोय नव्हती एवढंच. आणि पोट भरलेल्यांचंच दुखणं असतं तर गरीब देशांत ते दिसलंच नसतं, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या जून 2025 च्या अहवालात एकटं वाटणाऱ्यांचं प्रमाण गरीब देशांत श्रीमंत देशांपेक्षा जास्त आहे. जगभरात सहापैकी एका माणसाला एकटं वाटतं, 13 ते 29 वयात ते प्रमाण 17 ते 21 टक्के आहे आणि त्यातही किशोरवयीन मुलांत सगळ्यात जास्त. तुमचं एक मात्र मान्य, तुम्हाला संध्याकाळी कोणी विचारत नव्हतं कुठे जातोस म्हणून, तासन्‌तास चार पोरं मिळून उनाडक्या करता यायच्या. ते नातवंडांना मिळत नाहीये. तुम्ही घरात असता तर त्यासाठी तुम्हीच भांडा ना सुनेशी-मुलाशी, तुमचं ऐकतील.

प्रश्न: मी 17 वर्षांचा मुलगा आहे. वडिलांची बदली झाली म्हणून अकरावीला नवीन शहरात आलो. इथे मुलांशी बोलणं होतं पण सगळं एकमेकांची खेचण्यात जातं. जुन्या मित्राला एकदा फोनवर सांगितलं की मला इथे बरं वाटत नाही तर तो म्हणाला, काय रे मुलीसारखं. तेव्हापासून मी कोणाला काही सांगत नाही. हे नॉर्मल आहे का?

उत्तर: नेहमी होतं अशा अर्थाने नॉर्मल, चांगलं आहे अशा अर्थाने नाही. मुलग्यांच्या मैत्रीचा अभ्यास करणाऱ्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसलीय, तेरा-चौदा वर्षांची मुलं जिवलग मित्राबद्दल अगदी भरभरून बोलतात, आणि तीच मुलं सतरा-अठराची होईपर्यंत "आहेत मित्र, ठीक आहे" वर येतात. मधल्या काळात त्यांना जवळीक नकोशी होते असं नाही, जवळीक दाखवली तर काय ऐकावं लागतं ते त्यांना कळलेलं असतं. तुला एका वाक्यात कळलं. त्या मित्रालाही कोणीतरी आधी तेच ऐकवलेलं असणार, म्हणून त्याच्या तोंडून तसं निघालं, त्याच्यावर लगेच फुली मारू नकोस.

शहर बदलणं हे वेगळं आणि खरंखुरं कारण आहे, त्याला कमी लेखू नकोस. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाईस ह्यांनी 1973 मध्ये एकटेपणाचे दोन प्रकार सांगितले होते, एकात जवळचा एक माणूस नसतो आणि दुसऱ्यात आपला म्हणावा असा घोळकाच नसतो. एक भरून काढून दुसरं भरत नाही. तुझं दोन्ही एकदम गेलंय. वडिलांची बदली त्यांच्या ऑफिससाठी झाली, त्यांना तिथे खुर्ची तयार होती, तुला शून्यापासून सगळं करायचंय आणि घरी कोणी त्याबद्दल बोललंही नसेल बहुतेक.

मुलग्यांना समोरासमोर बसून "मनातलं बोल" म्हटलं की बोलती बंद होते, असं मी बऱ्याचदा बघितलंय. काहीतरी करता करता, चालता चालता, बाइक पुसता पुसता, कोणाचा तरी लॅपटॉप दुरुस्त करता करता बोलणं निघतं. तेव्हा खेचाखेचीच्या ग्रुपमधून बाहेर पडायची गरज नाही, त्यातल्या जरा शांत वाटणाऱ्या एकाला पकड आणि त्याच्याबरोबर काहीतरी नियमित कर, पळायला जा, एकत्र अभ्यास कर. आणि आधी छोटं काहीतरी सांगून बघ, "यार, फिजिक्स डोक्यावरून जातंय, टेन्शन आलंय" इतपत. त्याने ते नीट घेतलं तर पुढचं. लगेच पूर्ण मन मोकळं करायची काही सक्ती नाही.

प्रश्न: माझी मुलगी 15 वर्षांची, तासन्‌तास एकटी वाचत, चित्रं काढत बसते. एकच मैत्रीण आहे. माझ्या बहिणीचं म्हणणं आहे की हे डिप्रेशन आहे. काय करू?

उत्तर: बहिणीला सांगा जरा दम धर. मुलगी चित्र दाखवायला येते का, मैत्रिणीचा फोन आला की आवाज बदलतो का, हसते-चिडते का, जेवण-झोप नीट आहे का? असेल तर तिला तिच्या पद्धतीने जगू द्या, एक पक्की मैत्रीण ही भरपूर मोठी इस्टेट आहे. पूर्वी आवडायचं तेही सोडून दिलं तर मात्र काळजी करा. आणि सगळ्यात सोपं म्हणजे तिलाच विचारा ना, मला का विचारताय!

प्रश्न: मी शिक्षिका आहे. वर्गात कोण एकटं आहे ते कसं ओळखायचं? शांत मुलं तर बरीच असतात.

उत्तर: मॅडम, वर्ग चालू असताना नाही कळणार, मधल्या सुट्टीत कळेल. घंटा झाल्यावर कोण वही भरायला मुद्दाम वेळ लावतं, कोण रोज लायब्ररीत किंवा बाथरूममध्ये जाऊन सुट्टी संपवतं, कोण "मॅडम, काही मदत करू का" म्हणून स्टाफरूमच्या दाराशी येतं ते बघा. तो शेवटचा मुलगा आपल्याला फार गुणी वाटतो, पण बऱ्याचदा त्याला बाहेर उभं राहायला जागा नसते. फक्त शांत मुलांवर नजर ठेवलीत तर विदूषक सुटेल, वर्गाला हसवणारा मुलगा संध्याकाळी कोणालाच नको असतो असं पुष्कळदा होतं.

कोण जास्त एकटं पडतं त्याचे काही ठोकताळे आहेत. जे कुठल्याही कारणाने वेगळे दिसतात किंवा बोलतात ते, अडखळत बोलणारे, जाड म्हणून चिडवले जाणारे, अपंगत्व असलेले, दुसरी भाषा बोलणाऱ्या घरातून आलेले, ज्या मुली बाकीच्यांच्या आधी वयात आल्या त्या आणि जे मुलगे अजून आलेले नाहीत ते. आजारपणामुळे महिना-दोन महिने शाळा बुडलेलं मूलही ह्यात येतं, त्याच्या मागे सगळ्या जोड्या लागून गेलेल्या असतात. घरात भांडणं, आई-बापाचं वेगळं होणं, लहान भावंडांना किंवा आजारी माणसाला सांभाळायची जबाबदारी, ही तर वर्गात दिसतच नाहीत. आणि दादागिरी. दादागिरी म्हटलं की आपल्याला मारामारी आठवते, पण मुलींमध्ये आणि हल्ली मुलग्यांमध्येसुद्धा ती न बोलण्याची असते, बाकावर सरकून जागा न देण्याची असते, आणि शिक्षकाकडे तक्रार करायला काही पुरावाच नसतो. "ती माझ्याशी बोलत नाही" ह्यावर आपण "मग तू दुसऱ्या कोणाशी बोल" म्हणून मोकळे होतो.

एक गोष्ट उद्यापासून बंद करा, "चला, आपापले ग्रुप करा" हे वाक्य. ते पाच मिनिटांचं असतं आणि एका मुलासाठी अख्खा आठवडा खराब करून जातं. ग्रुप तुम्ही पाडा आणि महिनाभर तेच ठेवा, सारखे बदलू नका. ओळख व्हायला तेवढा वेळ द्या.

प्रश्न: मुलगी 17 वर्षांची. दोन महिन्यांपासून जेवत नीट नाही, अभ्यासात लक्ष नाही, डान्स सोडला. परवा म्हणाली, मी नसले तरी कोणाला काय फरक पडणार आहे. घाबरून मी विषय बदलला. विचारलं तर तिच्या डोक्यात नसलेलं येईल असं वाटतं.

उत्तर: हे पत्र छापून येईपर्यंत थांबलो नाही, तुम्हाला आधीच उत्तर पाठवलंय, पण बाकीच्यांसाठी इथेही लिहिते. विचारल्याने डोक्यात येत नाही. ही भीती सगळ्याच आई-बापांना असते आणि ती चुकीची आहे हे अभ्यासांत दिसलेलं आहे, उलट विचारल्यावर मुलांना हायसं वाटतं की एकदाचं कोणीतरी बोललं. आडून आडून नको, शांतपणे आणि स्पष्ट शब्दांत विचारा, "तुला जीव द्यावासा वाटतो का? कसा, कधी, असं काही ठरवलंयस का?" उत्तर हो आलं तर रडू नका, रागावू नका, शपथा घालू नका. तिला एकटीला सोडू नका, घरातली औषधं आणि तिला इजा करता येईल असं जे काही आहे ते हलवा, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे किंवा हॉस्पिटलमध्ये न्या, परीक्षा असली तरी. उत्तर नाही आलं तरी ह्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. दोन आठवड्यांहून जास्त काळ खाणं, झोप आणि आवडीच्या गोष्टी सुटणं हे नुसतं एकटं वाटण्याच्या पुढे गेलेलं असू शकतं, एकटेपणातून डिप्रेशन येतं आणि डिप्रेशनमुळे माणूस अजून एकटा पडतो, कुठलं आधी हे शोधत बसायची ही वेळ नाही. तोपर्यंत कोणाशी तरी बोलायचं असेल तर मदतीच्या हेल्पलाइन असतात त्यांचा नंबर आत्ताच फोनमध्ये घालून ठेवा, लागेल तेव्हा शोधायला नको.

प्रश्न: मी 13 वर्षांचा आहे. कोणाशी मैत्री करायची असेल तर काय म्हणायचं?

उत्तर: वा, मुद्द्याचं विचारलंस! काही खास म्हणायचं नसतं रे, रोज त्याच्याजवळ असायचं असतं. फार जुना, 1950 साली छापलेला एक अभ्यास आहे, अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या घरांमध्ये कोणाची कोणाशी मैत्री होते ते बघितलं, तर जास्त करून दार शेजारी असलेल्यांचीच झाली होती, येता-जाता दिसायचे म्हणून. तेव्हा ज्याच्याशी मैत्री करायचीय त्याच्या जवळचा बाक पकड किंवा तो ज्या खेळाला जातो तिथे जा. दोन-तीन दिवस नुसतं हाय कर. मग काहीतरी विचार ज्याचं उत्तर त्याला येत असेल, गणित, गेमची लेव्हल, काहीही. लोकांना मदत करायला आवडतं. त्याने नीट उत्तर दिलं तर दुसऱ्या दिवशी परत जाऊन सांग की ते जमलं. नाही दिलं तर कदाचित तो लाजाळू असेल किंवा त्याचा मूड नसेल, अजून एकदा करून बघ, आणि तरी नाहीच बोलला तर त्याच्या शेजारी बसणारा कोण आहे बघ, त्याच्यापासून सुरू कर.